बेल वाजेपर्यंत

मुखेड तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या बचत गटाने तुरीची डाळ केली होती. ती विकायला त्यांना नांदेडात खरेदीदारांसमोर एक मिनिट मिळालं होतं. ते मिनिट वाया गेलं. कसं गेलं, ते मी वेळेनुसार लिहून ठेवतो आहे, कारण त्या संध्याकाळपासून मला एकच वाक्य ऐकवलं जातं : ‘बाईंना बोलता आलं नाही.’ हे खोटं आहे. कार्यक्रमाचं, आयोजकांचं, पाहुण्यांचं नाव इथे देत नाही. नावं बदलली तरी असल्या कार्यक्रमांचा क्रम बदलत नाही.

आदल्या दिवशी, दुपारी ४ वाजता

मावशी आणि गटाच्या सचिव ताई मुखेडात माझ्या झेरॉक्सच्या दुकानावर आल्या. आयोजकांचा फोन आला होता. जिल्ह्यातल्या निवडक गटांना तीन-तीन मिनिटं मिळणार, समोर मोंढ्यातले घाऊक व्यापारी, मेसवाले, मोठ्या दुकानांचे खरेदी अधिकारी. बोलायचं काय, ते कागदावर उतरवायला त्या आल्या होत्या.

डाळीबद्दल थोडं सांगतो, कारण सगळा जीव त्यातच होता. माळावरची पांढरी तूर, बदनापूरच्या संशोधन केंद्राने काढलेली बीडीएन-७११. जमीन हलकी, पाऊस लवकर उघडतो, म्हणून लवकर येणारं हे वाण तिकडे धरतं. तूर चाळायची, तेलाचा हात द्यायचा, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग उन्हात पसरायची. साल सुटायला लागली की गिरणीत घालायची. छोटी डाळ गिरणी त्यांनी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून घेतलेली, ३५ टक्के अनुदान, बाकीचं बँकेचं कर्ज. चांगली उतरली तर क्विंटलभर तुरीची ७० किलोच्या आसपास डाळ पडते. बाजारातली पुष्कळ डाळ तेल-पाण्याचा हात देऊन चकचकीत केलेली असते. यांच्या डाळीला चकाकी नाही. मूठभर घेतली की तळव्याला फिकट पिवळं पीठ लागतं. मावशी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला मूठ उघडून तो तळवा दाखवत होती.

२०२५-२६ साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर झालेला. रास झाल्यावर गटातल्या घराघरांनी तूर मोंढ्यावर न नेता गिरणीसाठी राखून ठेवली होती. उन्हाळा चढला की तुरीला भुंगा लागतो, आणि डाळ करायची तर आधी गिऱ्हाईक हवं. घाई होती ती यासाठी.

मी कागदावर पहिली ओळ लिहिली : ‘आमच्या गटाची स्थापना...’

मावशीने पेनच धरलं. म्हणाली, “बाजारात गिऱ्हाईक पुढं उभं राहिलं तर आपण आपल्या बापाचं नाव सांगतो का बाळा? आधी माल दावतो. मग भाव. मग त्याला गरज असली तर तोच इचारतो, कोणत्या गावच्या म्हणून.”

मुखेडच्या आठवडी बाजारात तिने उभी हयात भाजी विकली आहे. धंद्याचं बोलणं कसं असावं, याचं यापेक्षा नेमकं सूत्र मी कोणत्याही प्रशिक्षणात ऐकलेलं नाही. कागद तिच्या क्रमाने झाला.

रात्री ९.२० वाजता

मोबाइलवर संदेश : ‘वेळेअभावी प्रत्येकी १ मिनिट. वेळेचे बंधन पाळावे.’

तीन मिनिटांचं एक झालं. मावशी घाबरली नाही. सावकाश बोललं तर मिनिटात शंभर शब्द बसतात. फोनवर घड्याळ लावून आम्ही एकेक वाक्य काढत गेलो. शेवटी राहिलं ते असं :

“ही तुरीची डाळ. पॉलिश नाही, रंग नाही. हातात घेऊन बघा. महिन्याला पाच क्विंटल देतो, तीस किलोच्या कट्ट्यात, नांदेडात पोहोच. तूर आमच्याच शेतातली, गिरणी आमचीच, त्यामुळं मधी दलाल नाही. आम्ही मुखेड तालुक्यातल्या बारा बाया. मेस असंल, हॉटेल असंल, किराणा असंल, तर आधी एक कट्टा न्या. शिजवून बघा, मग बोला. मागं टेबलावर वरण शिजवून आणलंय. फोन नंबर पाकिटावर हाय.”

पन्नास सेकंदांत बसलं. दहा सेकंद श्वासाला. सचिव ताईंनी ते दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, “आता कुणी काही नका बदलू.”

पहाटे ५ वाजता

मावशीच्या चुलीवर मोठ्या डब्याचं वरण. हळद, मीठ, हिंग, बस. डाळीची चव झाकली जाईल म्हणून फोडणीसुद्धा दिली नाही. काचेच्या बरणीत कच्ची डाळ भरली आणि अर्धा-अर्धा किलोची पाकिटं पिशवीत. पाकिटावर गटाचं नाव, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, फोन.

गावातल्या एकाची जीप ठरवलेली. नर्सी, नायगाव करत नांदेड, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. मावशी सबंध वाटेत बोलली नाही. ओठ मात्र हलत होते. पाठ करत होती.

सकाळी १० वाजता

इथून घसरण सुरू झाली, आणि ती इतकी बारीक होती की तेव्हा कुणालाच ती घसरण वाटली नाही.

नोंदणीच्या टेबलावर एक मुलगा यादी भरत होता. रकाना ‘उत्पादन’. त्याने मान वर न करता ‘विविध उत्पादने’ लिहिलं. मावशी म्हणाली, “डाळ ल्हिवा की. आम्ही डाळच करतो.” तो म्हणाला, “गटांचं सगळ्यांचं तसंच लिहायचं सांगितलंय मावशी, नंतर दुरुस्त करू.” ही यादी पुढे खरेदीदारांना जाणार होती.

पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी. सोफे. गटांना मागच्या तीन रांगा. वरणाचा डबा टेबलावर ठेवू दिला, पण टेबलं सभागृहाबाहेर, व्हरांड्यात.

सकाळी ११.५०

उद्घाटन ११ चं होतं. प्रमुख पाहुणे आता आले. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत. मग सत्कार. व्यासपीठावर खुर्च्या भरलेल्या आणि प्रत्येक खुर्चीला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. प्रत्येक सत्कारासाठी सत्कार करणारा दुसरा माणूस खालून वर बोलवायचा. तो वर येईपर्यंत त्याचाही परिचय.

पाहुण्याचा मान राखणं ही आमच्या भागाची चांगली रीत आहे. घरी आलेल्याला टोपी-टॉवेल दिल्याशिवाय आम्ही पाठवत नाही. माझा आक्षेप त्या रीतीला नाही. त्या दिवशी तो मान कुणाच्या वेळेतून दिला जात होता, त्याला आहे.

दुपारी १ वाजता

भाषणं. विषय महिला सक्षमीकरण. बोलणारे सगळे पुरुष होते असं नाही. दोन बायकाही बोलल्या, आणि चांगलं बोलल्या. पण मालाबद्दल एक अक्षर नाही. १.१० च्या सुमाराला मोंढ्यातले दोघे-तिघे घड्याळ बघून उठले. सौद्याची वेळ झाली होती, ते तरी काय करणार? ज्यांच्यासाठी मावशी पहाटे उठली होती, ते तिच्या अंगावरून दाराबाहेर गेले. तिला माहीत नव्हतं ते कोण आहेत. त्यांना माहीत नव्हतं तिच्या मांडीवरच्या पिशवीत काय आहे.

थोडक्यात आणि वेळेत बोलायचे कार्यक्रम जगात जिथे चांगले चालतात, तिथे पहिली गोष्ट अशी करतात की वेळ माणसाच्या हातात ठेवत नाहीत. टोकियोत २००३ साली अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथॅम या दोन वास्तुविशारदांनी ‘पेचाकुचा’ सुरू केलं. वीस चित्रं, प्रत्येक वीस सेकंद. चित्र आपोआप सरकतं, सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी सगळं संपतं. तिथे कितीही मोठा माणूस आला तरी एकविसावं चित्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली संशोधक विद्यार्थ्यांसाठी तीन मिनिटांची स्पर्धा सुरू झाली. तिची गोष्ट मला फार जवळची वाटते. तेव्हा तिकडे दुष्काळ होता. अंघोळीला पाणी जपून वापरावं म्हणून लोक न्हाणीघरात तीन मिनिटांची वाळूची घड्याळं लावत, आणि त्यावरूनच ही कल्पना सुचली. पाणी मोजून वापरणं मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, तेव्हा हंड्यांचा हिशेब याच भागाने ठेवला. तोच भाग सभागृहात शिरला की दुसऱ्याची मिनिटं का ओतून देतो, हे मला खरोखर कळत नाही.

आपल्याकडेही या प्रकारची जाण नाही असं नाही. मराठी उद्योजकांनी एकमेकांना धरून धंदा वाढवावा म्हणून माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब उभा केला. राज्याच्या नावीन्यता सोसायटीने २०२२ साली स्टार्टअप यात्रा काढली, त्यात जिल्ह्याजिल्ह्यांत सादरीकरणाच्या स्पर्धा झाल्या. छोटं बोलायची संधी आता तालुक्यापर्यंत आली आहे. ती संधी बोलणाऱ्याच्या हातात अख्खी पडते का, हे बघणारं मात्र कुणी नाही.

दुपारी १.४०

जेवणाची घोषणा. कार्यक्रमपत्रिकेत सादरीकरणं आधी आणि जेवण नंतर होतं. पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, म्हणून उलटं केलं. साधी अदलाबदल, कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. खरेदीदार जेवायला थांबतात आणि जेवून जातात. सादरीकरणं आधी असती तर व्हरांड्यात वरणाच्या डब्याभोवती चार माणसं उभी राहिली असती. आता ती टेबलाजवळून हात पुसत गेली. मावशीने दोघांना वाटी पुढे केली. एकाने घेतली, “छान आहे, कोणी केटरिंग केलंय?” असं विचारून तो निघून गेला. ती उत्तर देईपर्यंत तो पायऱ्या उतरला होता.

दुपारी २.३०

सादरीकरणं सुरू. सोफ्यांवर बरेच कव्हर दिसत होते, माणसं थोडी. पहिला तरुण थेट आपल्या यंत्राबद्दल बोलायला लागला. व्यासपीठावरून कुणीतरी निवेदकाला खूण केली आणि निवेदकाने माइकवरच सांगितलं, “कृपया आधी मान्यवरांचा उल्लेख करावा.” तो तरुण गोंधळला, नावं आठवत राहिला, बेल वाजली.

हे मागच्या तिन्ही रांगांनी पाहिलं. माझ्या शेजारी मावशीचे ओठ हलायचे थांबले. ती हळूच म्हणाली, “ह्यांची नावं मला कुठं ठाव हायती?” सचिव ताईंनी कार्यक्रमपत्रिका काढली आणि दोघी बोट ठेवून नावं वाचायला लागल्या. रात्री घासून-पुसून केलेला पन्नास सेकंदांचा मजकूर मला तिथेच मोडताना दिसला.

दुपारी २.४४

निवेदकाने गटाचं नाव पुकारलं. वेळ बघणाऱ्याने त्याच क्षणी मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. मी त्याच्या मागेच बसलो होतो, आकडे मला दिसत होते.

० ते १५ सेकंद. निवेदक बोलतोय : “मित्रहो, या आपल्या भगिनी पूरग्रस्त मुखेड तालुक्यातून आल्या आहेत, संकटावर मात करून. जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत.” टाळ्या झाल्या.

पुराचं दुःख खरं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, १७ तारखेची रात्र उलटताना, रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांना लेंडी नदीच्या पाण्याने वेढलं. माणसं गेली, जनावरं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. मुखेड तालुक्यात ती रात्र कुणी विसरणार नाही. पण मावशीचं गाव माळावरचं. तिथे तूर उभी राहिली, पिकली, भरडली गेली. ती मदत मागायला आली नव्हती. तिच्याकडे विकायला माल होता. त्या पंधरा सेकंदांत समोरच्यांच्या मनात ती कणव करण्याजोगी बाई झाली. कणव आली की माणूस टाळी वाजवतो. भाव विचारत नाही.

१५ ते २३ सेकंद. ती शेवटच्या रांगेतून चालते आहे. हातात बरणी, खांद्याला पिशवी. पायऱ्यांना कठडा नाही, म्हणून पदर सावरत चढते.

२३ ते २८ सेकंद. माइक उंच माणसाच्या मापाचा. एक मुलगा येऊन खाली करतो आणि जाता-जाता कानात सांगतो, “आधी अध्यक्ष साहेब.”

२८ ते ४६ सेकंद. “व्यासपीठावर बसलेले सन्माननीय अध्यक्ष साहेब, उद्घाटक साहेब...” ती पाच नावं घेते. पाचही बरोबर. एक आडनाव अडखळतं, पुन्हा नीट म्हणते, कारण चुकीचं नाव घेणं तिला अपमानाचं वाटतं.

४६ ते ५२ सेकंद. बरणी उचलते. “ही तुरीची डाळ. पॉलिश नाही, रंग नाही.” आवाज तोच, बाजारातला. सोफ्यावरचा एक गृहस्थ फोनमधून मान वर काढतो. मी ते पाहिलं आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

५२ ते ५६ सेकंद. फोटोवाला पुढे. “मावशी, बरणी जरा इकडे. हां, बघा इकडे.” ती बघते.

५६ ते ६० सेकंद. “महिन्याला...”

बेल.

पाच क्विंटल राहिलं. कट्टा राहिला, पोहोच राहिली, फोन राहिला. साठातले दहा सेकंद तिचे झाले, आणि त्या दहात एक माणूस वर बघायला लागला होता. तिला बोलता आलं नाही म्हणणाऱ्यांनी एवढा एकच आकडा पाहावा.

ती उतरायला वळली तर निवेदकाने थांबवलं. प्रमाणपत्र होतं. अध्यक्ष उठले, प्रमाणपत्र दिलं, फोटो झाला, पहिला हलला म्हणून दुसरा झाला. वेळ बघणाऱ्याच्या मोबाइलवर तेव्हा घड्याळ चालू नव्हतं. माझ्या हातातल्या घड्याळात दीड मिनिट गेलं.

दुपारी ४.१०

आभारप्रदर्शन संपलं. मी त्या सोफ्यावरच्या गृहस्थांना शोधायला बाहेर पळालो. ते गेले होते. दाराशी खरेदीदारांसाठी छापलेली यादी वाटत होते. मुखेडसमोर तेच होतं : ‘महिला बचत गट, विविध उत्पादने’. फोनचा रकानाच नव्हता.

व्हरांड्यात वरण निवून घट्ट झालं होतं. सचिव ताईंनी सफाईला आलेल्या बायकांना बोलावून ते वाढलं. दोघींनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि एकीने पाकीट विकत घेतलं. त्या दिवसाची ती एकमेव विक्री.

त्यानंतर

राखून ठेवलेली तूर गटाने तीन आठवड्यांनी मोंढ्यावर घातली. भुंग्याची भीती आणि कर्जाचा हप्ता, दोन्ही डोक्यावर होते. गिरणी गावातल्यांची घरगुती डाळ भरडून देते, तेवढ्यावर चालू आहे. मावशीला विचारलं, पुन्हा जाशील का? म्हणाली, “जाईन की. पर त्यांस्नी आधी सांग.”

म्हणून आयोजकांना पत्र दिलं आहे. माणसं वाईट नाहीत, राबतात, पदरमोड करतात, हे त्यात आधी लिहिलं आणि ते मनापासून लिहिलं. मग मागण्या. खरेदीदार सभागृहात असतील तेव्हाच सादरीकरणं घ्यावीत, सत्कार आणि भाषणं त्यानंतर. मान्यवरांची नावं निवेदकाने सगळ्यांच्या वतीने एकदाच घ्यावीत आणि बोलणाऱ्याने ती घेऊ नयेत, असं माइकवरून जाहीर करावं. घड्याळ नाव पुकारल्यावर नको, माणूस माइकसमोर उभा राहून पहिला शब्द बोलल्यावर सुरू करावं. त्या मिनिटात फोटो नको, परिचय नको, कानात सूचना नको. बोलणाऱ्याला पुढच्या रांगेत बसवावं. यादीत मालाचं नाव, महिन्याचं प्रमाण आणि फोन छापावा.

आणि शेवटी, मुखेडची नोंद दुरुस्त करून यादी खरेदीदारांना पुन्हा पाठवावी : तूर डाळ, बिनपॉलिश, तीस किलोचे कट्टे, महिन्याला पाच क्विंटल, नांदेड पोहोच.